मिश्रीची डबी

शिरूर-दौंडकडील कित्येक घरांत भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजेच मिश्री, दात घासण्याच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या नांदली. घरच्या आजीच्या मिश्रीला व्यसन कोण म्हणणार? श्रोतेहो, या समजुतीची परीक्षा आपल्याच पुणे जिल्ह्यात झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतवैद्य डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर फिरून १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयात येतो तो बहुधा बळावलेला कर्करोग. त्याची पूर्वसूचना देणारा पांढरा चट्टा दुखत नाही, म्हणून घरीच राहतो. तो शोधावयास विद्या स्वतः उंबरठ्यापाशी गेली आणि तिने बोट ठेवले ते तंबाखूवर. आता डबी दूर सारणे, एवढेच आपल्याकडे उरले.