पंचाचे शरीर

९ नोव्हेंबर १९६८ रोजी वायव्य इंग्लंडमधील बॅरो येथे तिसऱ्या विभागातील सामना यजमान संघाने प्लिमथ अर्गाइलविरुद्ध १-० असा जिंकला. जॉर्ज मॅक्लीनने मारलेला चेंडू गोलखांबाबाहेर चालला होता. वाटेत तो पंच आयव्हन रॉबिन्सन यांना लागला, वळला आणि थेट जाळ्यात गेला. रॉबिन्सन यांनी गोल दिला. दुसरे काही करण्याची मुभा त्यांना नव्हतीच.

मैदानात उभ्या असलेल्या पंचाला लागून उडालेला चेंडू तेव्हाच्या नियमाप्रमाणे खेळातच राही. गोलखांबाला वा कोपऱ्यावरच्या निशाणाला लागून आत परतलेला राहतो, अगदी तसाच. नियमाच्या लेखी पंच हा खांबाच्या जातीचा. हे हास्यास्पद वाटले तरी त्यामागे एक शहाणपण होते. पंचाचा स्पर्श दखलपात्र मानला, तर त्यामुळे कोणाचा लाभ झाला हे ठरवणे आले. आणि ठरवणार कोण, तर ज्याला चेंडू लागला तोच! त्यापेक्षा त्याला शरीरच नाही असे धरून चालणे सोयीचे. (क्रिकेट अजूनही असेच धरून चालते: अंपायरला लागून उडालेला झेल टिपला, तर फलंदाज बाद.)

मुळात हे शरीर मैदानात नव्हतेच. प्रारंभी दोन्ही संघांचा एकेक अंपायर असे, आणि त्यांचे एकमत झाले नाही तरच वाद मैदानाबाहेरच्या तिसऱ्या माणसाकडे सोपवला, म्हणजे 'रेफर' केला जाई. रेफरी हे नाव त्यावरूनच पडले. १८९१ मध्ये त्याला मैदानात आणले गेले आणि अंपायर रेषेवर गेले. निर्णयाचा पूर्ण अधिकार आणि चेंडूच्या वाटेत येण्याची शक्यता, दोन्ही त्याला एकदमच मिळाले.

याची परिसीमा पाहायची तर ऑक्टोबर १९८३ मधील साओ पाउलोकडे वळावे लागते. मोरुंबी मैदानावर सांतोस पाल्मेरासविरुद्ध २-१ ने पुढे होता. सामना संपता संपता जोर्जिन्योचा फटका बाहेर जात असताना गोलखांबाजवळ उभे असलेले पंच जोझे दे असिस अरागाँव यांना लागून चेंडू आत गेला, २-२. निर्णय नियमाला धरून होता. सांतोसला मात्र त्याचे काय समाधान?

अखेर मार्च २०१९ मध्ये ॲबर्डीन येथील बैठकीत इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डाने नियम बदलला. १ जूनपासून तो लागू झाला. पंचाला लागलेला चेंडू थेट गोलमध्ये गेला, त्याचा ताबा दुसऱ्या संघाकडे गेला किंवा त्यातून आशादायक चढाई सुरू झाली, तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायचा. 'आशादायक' हे विशेषण पाहावे. जे अर्थनिर्णयन टाळण्यासाठी पंचाला खांब ठरवले होते, तेच आता त्याच्याकडे परत आले आहे. मला हा बदल अधिक प्रामाणिक वाटतो, निर्दोष मात्र नव्हे. पेनल्टी क्षेत्रात खेळ थांबला की ड्रॉप बॉल बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकालाच मिळतो. मॅक्लीनचा चेंडू बाहेरच जाणार होता, तेव्हा आज तो प्लिमथच्या गोलरक्षकाला मिळणे न्याय्यच ठरले असते. पण गोलकडे निघालेला फटका पंचाने अडवला आणि चेंडू बचावपटूकडे गेला, तरीही तो त्याच गोलरक्षकापुढे टाकला जाईल.