अंदाज बांधणारा माणूस आणायचा कुठून?

एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या जाहिरातींत हल्ली एक पद सारखं दिसतं : 'डिमांड प्लॅनर'. पुढच्या तीन महिन्यांत कुठल्या गावात किती माल खपेल, याचा आकडा काढणारा माणूस. आकडा चढा निघाला की माल गोदामात पडून, उतरता निघाला की दुकानाची फळी रिकामी. जागा भरता भरत नाहीत, असं एचआरवाले सांगतात. पण अटी वाचा : अमुक सॉफ्टवेअर, तमुक सर्टिफिकेट. बाजार पायाखाली घातलेला माणूस हवा, असं एकाही जाहिरातीत मला दिसलं नाही.

मंडळी, हे भांडण जुनं आहे. ऐंशी वर्षांपूर्वी देशाच्या पातळीवर ते झालं आणि त्यात एक बाजू सातारा जिल्ह्यातल्या माणसाची होती.

1943 साल. बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली. मुंबईत त्याच वर्षी मे महिन्यात रेशनिंग सुरू झालं. रेशनमुळे शहराची मागणी निदान मोजता येऊ लागली : कार्डावरची माणसं गुणिले माणशी ठरवलेलं धान्य. पण धान्य पिकलं किती, हा आकडा कुठून आणणार? तो यायचा आणेवारीतून. गावकामगाराने बांधावरून पीक बघायचं आणि सांगायचं, बारा आणे, आठ आणे. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. त्यात आणेवारीवर साऱ्याची सूट ठरायची, म्हणजे आकड्यात हितसंबंध आलेच. बंगालमध्ये धान्य खरंच किती कमी होतं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. कारण मुळातले आकडेच भरवशाचे नव्हते.

हे काम हातात घेतलं पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. जन्म 1911, गाव खटाव तालुक्यातलं बुध. फर्ग्युसन, मग लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट, आणि 1940 पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत. पद्धत ऐकायला साधी. चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं निवडायची, गावातली शेतं निवडायची, शेतात एक तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, तोलायचं. नजरेचा संबंध नाही.

कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस तागाच्या पिकावर हेच आधीपासून करत होते. दोघांचं जमलं नाही ते दोन गोष्टींवर. महालनोबिस यांचे तुकडे अगदी छोटे, आणि ते कापायला खास नेमलेले, फिरते, प्रशिक्षित तपासनीस. सुखात्मे आणि इंदूरचे वि. गो. पानसे यांचं म्हणणं, तुकडा मोठा घ्या, आणि महसूल व शेती खात्याची जी माणसं गावात आहेतच, त्यांनाच शिकवा. छोट्या वर्तुळात कडेवरचं रोप आत धरायचा मोह होतो आणि उत्पादन फुगतं, हे सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवलं. 1946 साली 'नेचर' या नियतकालिकात ते छापूनही आलं. महालनोबिस यांचं उत्तर साधारण असं की, माणूस नीट तयार केलेला असेल तर ही चूक होत नाही.

माझ्या मते वाद वरवर तुकड्याच्या मापाचा होता, खरा प्रश्न कुणाला नेमायचं हाच होता. बाहेरून तज्ज्ञ आणायचा, की मातीतल्या माणसाला हिशेब शिकवायचा? पीक कापणीत सुखात्म्यांचा मार्ग टिकला. तलाठी आणि कृषी सहायक आजही शेतात दोरी लावून चौकोन आखतात, पीकविम्याचे पैसे त्यावर ठरतात. महालनोबिस यांचे खास नेमलेले तपासनीस 1950 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत टिकले. घराघरात काय खाल्लं, काय विकत घेतलं, हे ते विचारत फिरतात. म्हणजे देशाला दोघंही लागले.

सुखात्म्यांचं एक मात्र विशेष. माणसं मिळत नाहीत म्हणून ते रडत बसले नाहीत. दिल्लीत प्रशिक्षणवर्ग चालवले. 1954 साली पानसे आणि त्यांनी मिळून शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक काढलं. कृषी महाविद्यालयांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. तोवर सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत पोचले होते. तिथे 1961 साली त्यांनी जगाची भूक आणि पुढे लागणारं अन्न यांचा हिशेब मांडला. आजच्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या जगाचं डिमांड प्लॅनिंग! तेही बुधच्या माणसाने. आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे?

आता आपल्या कंपन्यांकडे या. वीस वर्षं खताचं दुकान चालवलेला माणूस पाऊस लांबला की युरियाची मागणी किती दिवस पुढे जाईल, हे तोंडावर सांगतो. त्याला एक्सेल येत नाही. आणि ज्याला एक्सेल येतं त्याला मृग आणि हस्त यांतला फरक ठाऊक नाही. पहिल्याला किंवा त्याच्या बीएस्सी अ‍ॅग्री झालेल्या पोराला सहा महिने शिकवायला कंपनी तयार आहे का? एका व्यवस्थापकांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "साहेब, आम्हाला रेडी माणूस लागतो." जागा अजून रिकामी आहे.