‘परित्त’ शब्दाचा विसरलेला अर्थ : विनयपिटकातील वणवा

‘परित्त’ हा शब्द उच्चारताच आपल्या उपासक-उपासिकांना परित्राण पाठ आठवतो. पाण्याचे भांडे, पांढरा धागा, भिक्खूंचा एकसुरी पाठ आणि हात जोडून बसलेले कुटुंब असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु विनयपिटकात हाच शब्द एका निराळ्या प्रसंगी आला आहे. तेथे पाठाचा संबंध नाही. तेथे वाळलेले गवत आहे, पेटलेले रान आहे आणि जळणारे विहार आहेत. या प्रसंगाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. पाली वाङ्मयात वर्षाचे हेमंत, ग्रीष्म आणि वर्षा असे तीन ऋतू मानले आहेत. भिक्खुसंघ उघड्यावर, वृक्षातळी व रानालगतच्या आवासांत राहणारा होता. त्यामुळे हवामानातील प्रत्येक फेरबदल त्याच्या नियमांत उमटला आहे. वैशालीच्या गोतमक चैत्यात कडाक्याच्या थंडीच्या रात्री भगवंतांनी स्वतः उघड्यावर बसून एका प्रहराला किती वस्त्रे पुरतात ते पाहिले आणि त्यावरून तीन चीवरांची मर्यादा घालून दिली, असे महावग्गात सांगितले आहे. पंधरवड्यातून एकदाच स्नान करण्याचा नियम झाला. पण उन्हाळ्याचा अखेरचा दीड महिना आणि पावसाळ्याचा पहिला महिना त्यातून वगळला गेला. वादळवाऱ्याच्या दिवसांसाठीही सवलत दिली गेली. वर्षावास मोडू नये हा दंडक खरा. तथापि निवासस्थान आगीत जळाले किंवा पुरात वाहून गेले, तर ते सोडण्यास दोष मानला नाही. अनुभव आधी आणि नियम नंतर, हा विनयाचा क्रम आहे.

मगधात ग्रीष्माच्या दिवसांत पश्चिमेचे कोरडे, उष्ण वारे वाहतात आणि गवत वाळून कोळ होते. अशा दिवसांत एक ठिणगी पुरेशी असते. चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खंधकात या संबंधी दोन प्रसंग लागोपाठ आले आहेत. पहिल्यात छब्बग्गिय भिक्खूंनी रानाला आग लावली. लोक संतापले आणि हे भिक्खू रान जाळणाऱ्यांसारखेच वागतात, अशी टीका करू लागले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंनी रान पेटवू नये असा नियम केला व तसे करणाऱ्यास दुक्कट आपत्ती सांगितली. दुसऱ्या प्रसंगात विहारांभोवती गवत माजले होते. वणवा आला की विहार जळून जात. वणव्यासमोर आपण प्रतिअग्नी लावावा काय, याविषयी भिक्खू साशंक झाले. कारण आधीचा नियम आड येत होता. तेव्हा भगवंतांनी वणवा पेटलेला असताना प्रतिअग्नी, म्हणजे ‘पटग्गि’, देण्याची आणि ‘परित्त’ करण्याची अनुज्ञा दिली.

येथे ‘परित्त’ म्हणजे संरक्षण, बचावाची व्यवस्था. ती कशी करावी हे अट्ठकथाकारांनी स्पष्ट केले आहे : जमीन खरवडावी, गवत काढून टाकावे, चर खणावा, ओली फांदी तोडून तिने आग झोडपून विझवावी. पटग्गीचे तत्त्वही साधे आहे. येणाऱ्या आगीपुढचा पट्टा आपणच आधी जाळून टाकला, तर आगीला पुढे सरकण्यास इंधन उरत नाही. महातण्हासंखय सुत्तात अग्नीला त्याच्या इंधनावरूनच नाव मिळते असे म्हटले आहे. इंधन नाही तर अग्नी नाही, हा प्रतीत्यसमुत्पादच येथे कुदळ-फावड्याच्या रूपाने उभा राहिला आहे.

आता ३५व्या क्रमांकाच्या वट्टक जातकाकडे वळू. मगधात चारिका चालू असताना वणवा येतो. घाबरलेले काही भिक्खू पटग्गि देण्याची तयारी करतात. त्यावर दुसरे भिक्खू त्यांची निर्भर्त्सना करतात : बुद्ध सोबत असताना तुम्ही हे काय करता? सर्वजण शास्त्याभोवती जमतात आणि सोळा करीस अंतरावर येताच आग आपोआप विझते. मग लाव्याच्या पिलाची कथा येते. पंखांत बळ नाही, पायांत चालण्याची शक्ती नाही, आईबाप उडून गेले आहेत. अशा स्थितीत ते सत्यक्रिया करते आणि आग मागे हटते. हीच कथा पुढे ‘वट्टक परित्त’ म्हणून पाठात गेली.

विसंगती वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. ज्या उपायाची अनुज्ञा विनयात स्वतः भगवंतांनी दिली, तोच उपाय या कथेत अश्रद्धेचे लक्षण ठरला आहे. लाव्याच्या सत्यक्रियेची गाथा जुनी आहे. चरियापिटकातही तो प्रसंग येतो. परंतु भिक्खूंच्या निर्भर्त्सनेचा भाग जातकट्ठकथेच्या गद्यातील आहे आणि ते गद्य इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास आजच्या रूपात आले. विनयातील अनुज्ञा त्याहून कितीतरी प्राचीन आहे. एका शब्दाच्या पोटातून चर आणि कुदळ बाजूला सरकली व केवळ पाठ उरला, असा हा इतिहास आहे. जे बुद्धिगम्य व तर्कशुद्ध तेच बुद्धवचन मानावे, ही कसोटी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दिली आहे. तिच्यावर घासून पाहता कोणता अर्थ टिकतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पाठाने मनाला धीर येतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण धीर आलेल्या हातांनी गवत काढायचे असते.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातही हाच विवेक दिसतो. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेल्या या लेखात जिवंत प्राणी असलेला भुसा जाळू नये, तसेच निष्कारण किंवा जीवहिंसेसाठी अरण्य जाळू नये, अशी आज्ञा आहे. चंपारण्यातील लौरिया नंदनगढ, लौरिया अरराज व रामपुरवा येथील स्तंभांवर ती कोरलेली आहे. ‘निष्कारण’ हा शब्द महत्त्वाचा. आग सरसकट निषिद्ध नाही. ती कोणत्या हेतूने लावली, हा प्रश्न आहे. मात्र तेराव्या शिलालेखात हाच सम्राट अटवीवासीयांना आपल्या सामर्थ्याची जाणीव करून देतो, हेही विसरता कामा नये. अरण्याचे नियम करणारा आणि अरण्यात राहणारा हे बहुधा वेगवेगळे असतात. विनयाचे वैशिष्ट्य असे, की तेथे नियम परक्यांवर लादलेला नाही. संघाने तो प्रथम स्वतःला लावून घेतला.

आज विदर्भातील सागाच्या पानगळी रानांत फाल्गुनापासून वणव्याचे भय सुरू होते. मोहफुले वेचण्यासाठी पाचोळा पेटविला जातो, कोठे विडीचे थोटूक पडते. आणि दोष मात्र चौकशीआधीच आदिवासींच्या माथी मारला जातो. वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते. ती म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीची पटग्गि व परित्तच होय. डोंगरउतारावर, रानालगत आपलेही विहार व साधनाकेंद्रे आहेत. माघ पौर्णिमेला तेथे परित्राण पाठ अवश्य व्हावा. त्याच दिवशी उपासकांनी विळे-फावडी घेऊन भोवतालचे गवत काढावे आणि शेजारच्या पाड्यावरील बांधवांनाही सोबत घ्यावे. तेव्हाच ‘परित्त’ हा शब्द त्याच्या दोन्ही अर्थांनी पूर्ण होईल.