भास्कराचार्यांचें 'उत्थापन'

एका अव्यक्ताची किंमत दुसऱ्याच्या रूपानें काढून ती उरलेल्या समीकरणांत घालावयाची, ही रीत आज शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असते. तीच रीत भास्कराचार्यांच्या बीजगणितांत (शके १०७२) 'उत्थापन' या नांवानें आहे, असें म्हणण्याचा मोह सहज होतो. परंतु मूळ ग्रंथ पाहतां हें विधान आम्हांस जसेंच्या तसें मान्य करवत नाहीं.

आचार्य अव्यक्तांस यावत्तावत्, कालक, नीलक अशीं नांवें देतात. त्यांचें एक उदाहरण घेऊं. दुसऱ्यानें शंभर दिल्यास पहिला त्याच्या दुप्पट धनवान होतो. उलट पहिल्यानें दहा दिल्यास दुसरा त्याच्या सहापट होतो. पहिल्याचें धन यावत्तावत् व दुसऱ्याचें कालक मानूं. पहिल्या अटीवरून यावत्तावत् म्हणजे दोन कालक उणे ३००. दुसरीवरून, कालकांत ७० मिळवून ६ नीं भागिल्यास येईल तें. एकाच वर्णाचीं हीं दोन मानें समान धरून छेद काढिला कीं ११ कालक म्हणजे १८७०, अर्थात् कालक १७०. हें मान मागें घातलें कीं यावत्तावत् ४०. उत्थापन तें हेंच, शेवटचें. (एकच अव्यक्त घेऊनही आचार्यांनीं हें उदाहरण सोडविलें आहे, व ती युक्ति अधिक सुटसुटीत आहे.)

म्हणजे वर्ण नाहींसा होतो तो मानांच्या तुलनेनें. उत्थापन मागाहून, उलट क्रमानें येतें. शालेय रीतींत तेंच आरंभीं येतें. उत्तर एकच असलें तरी दोन्ही रीती एक म्हणतां येत नाहींत. उत्थापनाचें खरें सामर्थ्य दिसतें तें समीकरणांहून अव्यक्तें अधिक असतां. तेथें कुट्टकानें एक संख्या हातीं न येतां नवा वर्ण घेतलेली राशि येते, आणि ती सगळी राशि मागील मानांत घालावी लागते.

आद्यत्वाचा मानहि आचार्यांस देतां येत नाहीं. पहिला वर्ण वेगळा काढण्याचा नियम ब्रह्मगुप्तानें शके ५५० मध्येंच दिला होता. चिनी गणितांत तर त्याच्याही शतकें आधीं, गणनेच्या काड्या स्तंभांत मांडून अव्यक्तें नाहींशीं करीत.

आमच्या प्रांतापुरतें पाहतां, खानदेशांतील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखांत आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचें नमूद आहे. पुढें बीजगणितावर विस्तृत टीका लिहिणारा कृष्ण दैवज्ञ काशीस राहिला, तरी त्याचें घराणें मूळचें वऱ्हाडांतील पयोष्णीतीरच्या दधिग्रामाचें.