खुर्दा आणि बट्टा

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे पोखर्णी हे माझे गाव. नृसिंहाच्या देवळामुळे ते पंचक्रोशीला ठाऊक आहे. आमच्या घरात चुलीमागच्या कोनाड्यात आजीचे एक गाडगे असे. त्याच्या तोंडाला फडके बांधलेले असे आणि त्यात काय आहे हे घरातल्या पुरुषांनी विचारावयाचे नाही, असा दंडक होता. दूध, अंडी, शेतातला वाळला भाजीपाला विकून जे सुटे हाती येई, ते तिच्या कनवटीतून त्या गाडग्यात जाई. मी बारा वर्षांचा असेन, एके दुपारी घरात कोणी नसताना तिने ते गाडगे माझ्यासमोर उपडे केले आणि म्हणाली, “लेकरा, तू साळंत जातूस. मोजून दे. पण हे माहं हाय. घरात कोनाला सांगू नको.”

वरच्या थरात अ‍ॅल्युमिनियमची हलकी नाणी होती; त्यांच्याखाली भोकाचे पैसे आणि आणे होते; आणि अगदी तळाशी फारसी अक्षरांची काळवंडलेली दोन पैची नाणी आणि चारमिनारचे चित्र असलेल्या चार-सहा चवल्या-पावल्या होत्या. वरचा थर मी मोजला. खालचा मोजता येईना, कारण त्याचे मोल संख्येने ठरत नव्हते. चांदीचे तुकडे पुढे सोनाराने वजनावर घेतले आणि तांबे मोडवाल्याने किलोवर नेले. एकाच बाईने, एकाच घामाने, एकाच गाडग्यात टाकलेल्या पैशांपैकी काही पैसा राहिला आणि काही नुसती धातू झाली. असे का झाले, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात आहे.

काटकसरीवर व्याख्याने पुष्कळ होतात. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण लहानपणापासून घोकतो. ती खोटी नाही. परंतु तळे साचल्यावर त्यातले पाणी कोण आणि कोणत्या मापाने मोजून नेतो, हे ती म्हण सांगत नाही. आज मला त्या मापाचा इतिहास सांगावयाचा आहे.

आपल्या भाषेत त्या मापाला फार जुना शब्द आहे. तो म्हणजे बट्टा. नावलौकिकाला बट्टा लागला, असे आपण सहज म्हणून जातो. पण हा शब्द आला सराफाच्या पेढीवरून. पेशवाईत आणि तिच्यानंतरही बराच काळ दक्षिणेत नाना टांकसाळींचे रुपये चालत. अंकुशी, चांदवडी, हाली अशी त्यांची नावे. प्रत्येकाचे वजन आणि कस निराळा. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत न्यावयाचा तर सराफ तो पारखून घेई आणि फरकाबद्दल काही कापून घेई. ही कापणी म्हणजे बट्टा. त्यात सराफाची सर्वस्वी लबाडी होती असे मी म्हणणार नाही. नाणे पारखणे हे कसबाचे काम होते आणि जोखीमही त्याचीच होती.

परंतु ह्या व्यवहारात खुर्द्याचे स्थान ध्यानात घेतले पाहिजे. सरकारचा सारा रुपयांत भरावयाचा. गरिबाच्या हातात मात्र शिवराई, ढब्बू असे तांब्याचे नाणे. एका रुपयाला किती पैसे, हा भाव बाजारात वरखाली होई. म्हणजे श्रीमंताने साठविलेला रुपया हा रुपयाच राही. गरिबाने साठविलेल्या तांब्याचा रुपया करताना त्याला बाजाराच्या दारात उभे राहावे लागे. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलुखात एकाच वजनाचा आणि कसाचा रुपया चालू केला आणि तिकडचा हा गोंधळ हळूहळू कमी होत गेला. आमच्या मराठवाड्यात मात्र निजामाचे राज्य होते आणि त्याचे नाणे स्वतंत्र होते.

हे नाणे म्हणजे हाली सिक्का. त्याचेही सोळा आणे, आण्याचे बारा पै. पण इंग्रजी रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बाराला अकरा हिश्श्यांची चांदी. हाली रुपया त्याहून थोडा हलका आणि त्याची चांदीही उणी. म्हणून शंभर इंग्रजी, म्हणजे ‘कलदार’ रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा भाव ठरलेला होता. हा आकडा ऐकून भलेभले गोंधळत. पण त्याचा साधा अर्थ एवढाच, की सात हाली म्हणजे सहा कलदार. परभणीचा माणूस गाडीत बसून मनमाडला उतरला, की तो इंग्रजी मुलुखात आला. तेथे त्याच्या सातांचे सहा झाले.

आता हा हिशेब गाडग्याला लावून पाहा. सात हाली आणे एकत्र नेले तर सहा आणे पुरे येतात. कोणाचेही नुकसान नाही. पण एकच आणा नेला तर? त्याचे होतात १० पै आणि वर पैचे दोन सप्तमांश. हा दोन सप्तमांश कोणत्याही टांकसाळीत पडत नाही. तो मोडणाराच्या पदरात पडत नाही. मोडून देणाराकडे राहतो. एका आण्यावर ही गोष्ट क्षुल्लक आहे. पण पेढीवर दिवसाकाठी येणाऱ्या सगळ्या सुट्या आण्यांवर ती क्षुल्लक राहत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या बरोबरीने चालू झाला, १९५१ मध्ये हाली चलन काढणे थांबले आणि १९५९ मध्ये ते कायमचे बंद झाले. एवढ्यात मध्येच दुसरा बदल आला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. परभणीसारख्या गावात दोन वर्षे एकाच पेठेत तीन हिशेब नांदत होते: हाली आणे, भारतीय आणे आणि नवे पैसे. निरक्षर बाईने गाडग्यातले काय, कोणाकडे, कोणत्या भावाने मोडावे?

दशमान पद्धती चांगलीच होती, ह्याबद्दल वाद नाही. मुलांची पाढ्यांतून आणि पावकी-निमकीतून पुष्कळशी सुटका झाली. परंतु सोळांनी शंभरास भाग जात नाही. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आणि सव्वा पैशाचे नाणे नव्हते. म्हणून सरकारने कोष्टक छापले: एका आण्याला ६ नवे पैसे, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना २५. चार आणे बरोबर मिळतात; आठ आणे बरोबर मिळतात. पण ज्याने सोळा आणे सोळा वेळां, एकेक करून मोडले, त्याला मिळाले सोळा सक शहाण्णव. रुपयाला चार पैसे गळाले. तेच सोळा आणे ज्याने एकदम टेबलावर ठेवले, त्याला पुरे शंभर मिळाले.

मंडळी, मी कामगार चळवळीत उभे आयुष्य घालविले. जाड जाड पुस्तके मी फार उशिरा आणि अडखळत वाचली. पण संघटनेचे ह्याहून सोपे गणित मला कोठे सापडलेले नाही. सातांचे सहा होतात ते सात एकत्र गेले तर. सोळांचे शंभर होतात ते सोळा एकत्र गेले तर. एकटा गेला की बट्टा लागला.

हे अनुभवाने मी शिकलो परभणीच्या मोंढ्यात. तेथे हमालांची हमाली पोत्यामागे ठरलेली असे आणि दरात रुपयांबरोबर काही पैसे असत. मी काम करू लागलो त्या काळी एका दुकानात रोज संध्याकाळी प्रत्येकाचा हिशेब होई आणि मुनीमजी वरचे पैसे ‘सुटे नाहीत’ म्हणून सोडून देत. रोज चाळीस पैसे सुटले तरी पंचवीस दिवसांत दहा रुपये होतात. आम्ही भाव वाढवून मागितला नाही. एवढेच म्हटले, की रोजचा हिशेब वहीत लिहा आणि आठवड्याला सगळ्या टोळीचा एकदम चुकता करा. पैसे सोडावयाचेच तर आठवड्यातून एकदा सुटतील. चार दिवस बोलाचाली झाली. एका शहाण्या गृहस्थांनी मला विचारले, “पैशापैशासाठी भांडता, लाज नाही वाटत?” मी त्यांना कलकत्त्याची गोष्ट सांगितली. १९५३ साली तेथे ट्रामच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढविले, तेव्हा सारे शहर रस्त्यावर आले आणि कंपनीला ती वाढ मागे घ्यावी लागली. एक पैसा जर इतका क्षुल्लक होता, तर कंपनीला तो का हवा होता? आमचाही हिशेब अखेर आठवड्याचा झाला.

हीच दृष्टी कायद्यातही आली आहे. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने जी मंडळे निर्माण केली, त्यांत मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने ती कामगाराला हिशेबाने द्यावयाची. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी करावयाच्या, अशी योजना आहे. ज्याच्या हातात रोज सुटी चिल्लर पडत होती, त्याच्या नावावर आता खाते उघडले गेले. कायदा कागदावर जितका आहे तितका सर्व ठिकाणी अमलात नाही, हे मी जाणतो. पण दिशा तीच आहे.

खुर्दा एकत्र केला तर काय उभे राहते, ह्याचे आपल्या महाराष्ट्रातले जुने उदाहरण म्हणजे पैसा फंड. अंताजी दामोदर काळे ह्यांनी ही कल्पना मांडली: प्रत्येक माणसाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढावा. ते गावोगाव हिंडले. लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठिंबा दिला. आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे ह्या पैशांतून काचेचा कारखाना उभा राहिला. जपानात काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे प्रमुख झाले आणि तेथे शिकलेली माणसे पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेली. एका पैशाने त्या काळी फार तर मूठभर फुटाणे आले असते. पण तो मोजणारी, त्याची पावती देणारी आणि त्याचा हिशेब राखणारी एक संस्था उभी राहिली, म्हणून त्याची भट्टी झाली.

तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून मला हा विषय संपविता येत नाही. आजीने आपले हाली पैसे वेळेवर का मोडले नाहीत? नाणे बंद होणार ही वार्ता तिला नव्हती, असे मी बरीच वर्षे समजत होतो. एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, वार्ता होती. पण पैसे मोडावयाचे तर ते कोणा पुरुषाच्या हाती परभणीला पाठवावे लागले असते आणि मग ते तिचे राहिले नसते. एकत्र व्हा, असे सांगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे उत्तर विचार करावयास लावणारे आहे. तिच्यासाठी गाडगे हे नुसते बचतीचे साधन नव्हते; घरात तिच्या एकटीच्या मालकीची तेवढीच वस्तू होती. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आमच्या वस्तीतल्या कितीतरी बाया डब्यांतून, उशांतून काढलेल्या नोटा मुठीत धरून, खाली मान घालून उभ्या होत्या. पैसे बुडण्यापेक्षा ते उघड झाल्याचे दुःख त्यांना अधिक होते. तेव्हा मला आजी आठवली. ज्या संस्थेत बाईच्या पैशावर बाईचेच नाव राहत नाही, त्या संस्थेपेक्षा तिला चुलीमागचा कोनाडा भरवशाचा वाटला, तर दोष तिचा नव्हे.

आजही हा प्रश्न मिटलेला नाही. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी बंद झाली. पाच, दहा, वीस पैसे साठविलेले किती गल्ले त्या दिवशी मुके झाले असतील! २०११ च्याच नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका देण्यापोटी हजार रुपयांपर्यंतच घेण्याचे बंधन आहे. पन्नास पैशांची तर दहा रुपयांपर्यंतच. बँकांनी मात्र नाणी नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने वारंवार बजावले आहे. दहाचे नाणे चालत नाही अशी अफवा उठली, तेव्हाही सर्व प्रकारची नाणी वैध असल्याचे तिने जाहीर केले. तरी भाजीवाली बाई चिल्लरीची पिशवी घेऊन गेली, की खिडकीत बसलेल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. ती आठी म्हणजे आजचा बट्टा होय. तो पैशांत नव्हे, अर्ध्या दिवसाच्या खोटीत वसूल होतो.

म्हणून आपणां शहरवासीयांना माझी विनंती एवढीच आहे: गरिबाला काटकसर शिकविण्यापूर्वी त्याची काटकसर मोजून घेण्याची सोय करा. आपल्यापैकी कोणी पतसंस्थेत संचालक असेल, कोणी बँकेत नोकरीला असेल. आठवड्यातून एक सकाळ चिल्लर मोजण्यासाठी राखून ठेवा. मोजणीच्या टेबलापाशी बाई बसवा. आणि पावतीवर जिचा पैसा तिचेच नाव लिहा. ह्याला नवा कायदा लागत नाही.

आजीचे गाडगे आता नाही. सोनाराने चांदीचे जे दिले, ते तिने पदराच्या गाठीत बांधले. किती मिळाले हे मलाही सांगितले नाही. तळाच्या दोन पैच्या नाण्यांपैकी एक मी त्या वेळी मोडवाल्याला दिले नाही. मोंढ्यातल्या आमच्या कचेरीत, वर्गणीच्या पेटीत ते आजही पडलेले आहे. दर महिन्याला पेटी उघडून मोजदाद होते, तेव्हा ते बाजूला काढून ठेवतात आणि मोजून झाले की पुन्हा आत टाकतात.