महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९

महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ हा डोक्यावर वा पाठीवर ओझे वाहणाऱ्या, मालाची चढउतार, थप्पी, तोलाई व तत्सम अंगमेहनतीची कामे करणाऱ्या कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा महाराष्ट्र राज्याचा कायदा आहे. व्यवहारात तो ‘माथाडी कायदा’ या नावाने ओळखला जातो. एका दिवसात अनेक मालकांचे काम करणारा आणि म्हणून कोणत्याच एका मालकाचा नोकर न ठरणारा कामगार या कायद्याच्या केंद्रस्थानी आहे. अशा कामगाराचे वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा व उपदान यांची जबाबदारी कायद्याने त्रिपक्षीय मंडळांकडे सोपवली.

शब्दांचे मूळ

‘माथाडी’ हा शब्द ‘माथा’ या शब्दावरून आला असून माथ्यावर ओझे वाहणारा असा त्याचा अर्थ आहे. ‘हमाल’ हा शब्द मूळ अरबी ‘हम्माल’, म्हणजे भारवाहक, या शब्दाचे मराठी रूप होय. बाजारपेठेत मालाचे वजन करणाऱ्यास ‘तोलणार’ किंवा ‘मापारी’ आणि वजनाच्या मोबदल्यास ‘तोलाई’ म्हणतात. कामगारांच्या गटाला ‘टोळी’ आणि तिच्या प्रमुखाला ‘मुकादम’ म्हणण्याची रीत आहे.

पार्श्वभूमी

मुंबईतील दाणाबंदर, मस्जिद बंदर, दारूखाना, भायखळा या भागांतील बाजारपेठांत सातारा, सांगली, पुणे आदी जिल्ह्यांतून आलेले हजारो कामगार ओझी वाहण्याचे काम करीत. मजुरी नगावर ठरे. काम मिळाले नाही तर त्या दिवसाची मजुरीही नसे. एकेका पोत्याचे वजन १०० किलोग्रॅमच्या घरात असे. अपघात, आजारपण किंवा वार्धक्य आल्यास कामगाराला कोणताही आधार नव्हता. कारखाना अधिनियमासारखे कायदे निश्चित मालक आणि निश्चित कामाची जागा गृहीत धरीत असल्याने त्यांचा लाभ या वर्गाला मिळत नसे.

या कामगारांना संघटित करण्याचे काम अण्णासाहेब पाटील (१९३३–१९८२) यांनी केले. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातून मुंबईत आलेल्या पाटील यांनी स्वतः हमालीची कामे केली होती. महाराष्ट्र राज्य माथाडी ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियन या संघटनेचे ते संस्थापक होत. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या माध्यमातून याच प्रश्नावर काम उभे केले.

विद्यमान कामगार कायद्यांचे संरक्षण या असंरक्षित वर्गाला देता येईल काय, हे तपासण्यासाठी राज्य शासनाने १९६५ मध्ये समिती नेमली. समितीने १९६७ मध्ये अहवाल सादर केला. त्यानंतर मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत १९६९ मध्ये हा कायदा करण्यात आला.

पूर्वसूरी

नैमित्तिक मजुरांची नोंदणी करून त्यांना मंडळामार्फत काम व वेतन देण्याची कल्पना गोदी कामगारांच्या संदर्भात आधीच रुजलेली होती. ब्रिटनमध्ये १९४७ साली राष्ट्रीय गोदी कामगार योजना सुरू झाली. भारतात १९४८ मध्ये गोदी कामगार (रोजगार नियमन) अधिनियम संमत झाला आणि मुंबई बंदरासाठी १९५१ मध्ये योजना आली. माथाडी कायद्याने हेच तत्त्व बंदराच्या बाहेर, विखुरलेल्या बाजारपेठांत नेले. ब्रिटनमधील योजना १९८९ मध्ये रद्द झाली. माथाडी कायदा मात्र टिकून राहिला.

तरतुदी

कायद्याच्या अनुसूचीत लोखंड व पोलाद बाजार, कापड व कापूस बाजार, किराणा बाजार, कांदा-बटाट्यासह भाजीपाला बाजार, रेल्वे मालधक्के, गोद्या इत्यादी ठिकाणच्या कामांचा समावेश आहे. या कामांसाठी शासन योजना तयार करते आणि तिच्या अंमलबजावणीसाठी मंडळ नेमते. मंडळावर मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात. शासनाच्या प्रतिनिधींची संख्या एकूण सदस्यांच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक असू शकत नाही. मालक आणि कामगार या दोघांनाही मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ठेकेदारामार्फत काम करून घेतले तरी जबाबदारी मुख्य मालकाची राहते.

वेतनाची पद्धत हा कायद्याचा कणा आहे. मालक कामगाराच्या हातात मजुरी देत नाही. टोळीने केलेल्या कामाची मजुरी तो मंडळाकडे भरतो. तिच्यासोबत मजुरीच्या ठरावीक टक्के रक्कम अधिभार म्हणून भरावी लागते. तिला ‘लेव्ही’ म्हणतात. तिचा दर मंडळ व कामाच्या प्रकारानुसार वेगळा असतो. मंडळ मजुरी कामगारास देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, सुट्ट्यांचे वेतन, वैद्यकीय साहाय्य व मंडळाचा प्रशासकीय खर्च भागवते. कामगाराने दिवसभरात पाच दुकानांत काम केले तरी त्याचे खाते एकच राहते आणि पाचही मालकांचा वाटा त्यात जमा होतो.

नाशिक जिल्ह्यातील अंमलबजावणी

नाशिक जिल्ह्यासाठी नाशिक माथाडी व असंरक्षित कामगार मंडळ आहे. औद्योगिक वसाहतींतील मालवाहतूक व गोदामे यांच्याबरोबरच कांद्याच्या बाजारपेठा हे येथील माथाडी कामाचे मोठे क्षेत्र आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड, चांदवड, कळवण, उमराणे, सटाणा आदी ठिकाणी कांद्याचे लिलाव होतात. लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापना १९४७ मध्ये झाली.

येथील कांदा बहुधा मोकळ्या स्वरूपात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतो. लिलाव ट्रॉलीतच होतो, वजन भुईकाट्यावर होते आणि माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा केला जातो. तेथे प्रतवारी होऊन कांदा गोण्यांत भरला जातो व मालमोटारीत किंवा रेल्वे वाघिणीत चढवला जातो. गोणी भरणे, शिवणे, थप्पी लावणे, चढवणे ही कामे माथाडी टोळ्या करतात. खळ्यावर कांदा निवडणाऱ्या स्त्रिया मात्र बहुधा रोजंदारीवर असतात आणि या संरक्षणाच्या बाहेर राहतात.

हमाली, तोलाई आणि वाराई या रकमा येथे शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून कापण्याची प्रथा पडली. भुईकाट्यावर वजन होत असताना तोलाई कशाची, असा शेतकरी संघटनांचा प्रश्न आहे. यांत्रिकीकरणाने मंडळात नोंदलेल्या कामगाराचा रोजगार व हक्क संपू नये, अशी कामगार संघटनांची भूमिका आहे. मजुरी शेतकऱ्याच्या पट्टीतून जात असेल तर तिच्यावरील लेव्हीचा बोजा आपल्यावर का, असा व्यापाऱ्यांचा युक्तिवाद आहे.

लेव्हीच्या थकबाकीवरून व्यापारी, मंडळ आणि कामगार संघटना यांच्यातील वाद न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२४ मध्ये व्यापाऱ्यांनी हमाली, तोलाई व वाराई शेतकऱ्यांच्या पट्टीतून कापणार नसल्याचे जाहीर केले. माथाडी संघटनांनी त्यास विरोध केला आणि जिल्ह्यातील अनेक बाजार समित्यांमधील कांदा लिलाव बरेच दिवस ठप्प झाले. ओझे उचलणाऱ्याच्या म्हातारपणाची तरतूद व्यापाऱ्याने, शेतकऱ्याने की अखेरीस ग्राहकाने करावयाची, हा कायद्याच्या मुळाशी असलेला प्रश्न या वादात उघड झाला.

ओझ्याची मर्यादा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये ओझ्याच्या कमाल वजनाविषयी करार व शिफारस स्वीकारली. शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोग्रॅम सुचवली आहे. महाराष्ट्रातील हमाल संघटनांनी १०० किलोग्रॅमच्या पोत्याऐवजी ५० किलोग्रॅमचे पोते असावे, ही मागणी दीर्घकाळ लावून धरली.

आक्षेप व दुरुस्तीचे प्रयत्न

‘असंरक्षित कामगार’ कोणास म्हणावे, विशेषतः कारखान्यात थेट नेमलेल्या व अन्य कामगार कायद्यांचे लाभ मिळणाऱ्या कामगारास हा कायदा लागू होतो काय, याविषयी न्यायालयांत अनेक वाद झाले आहेत. माथाडी संघटनेच्या नावाखाली काही टोळ्या प्रत्यक्ष काम न करता पैसे उकळतात, अशी उद्योजकांची तक्रार असते. खऱ्या माथाडी कामगारांच्या संघटनाही अशा प्रकारांवर कारवाईची मागणी करतात.

राज्यातील स्वतंत्र मंडळे एकत्र करून एकच मंडळ करण्याच्या प्रस्तावास २०१८ मध्ये कामगारांनी विरोध केला. २०२३ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात असंरक्षित कामगार व अंगमेहनतीचे काम यांच्या व्याख्या बदलण्याचा प्रस्ताव होता. यंत्रांच्या साहाय्याने होणारी कामे त्यामुळे वगळली जातील, अशी भीती व्यक्त करीत संघटनांनी डिसेंबर २०२३ मध्ये लाक्षणिक बंद पाळला.

प्रभाव

कायद्यानंतर मुंबई व नवी मुंबई येथील माथाडी कामगारांसाठी पतसंस्था, रुग्णालय व घरकुल योजना उभ्या राहिल्या; कोपरखैरणे येथील माथाडी वसाहत हे त्याचे ठळक उदाहरण होय. केरळने १९७८ मध्ये भारवाहक कामगारांसाठी कायदा केला. महाराष्ट्रात १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी मंडळाच्याच धर्तीवर कायदा झाला. अण्णासाहेब पाटील यांची जयंती, २५ सप्टेंबर, या दिवशी नवी मुंबईत दरवर्षी माथाडी कामगारांचा मेळावा भरतो.

हेही पाहा

अण्णासाहेब पाटील
हमाल पंचायत
लासलगाव
कृषी उत्पन्न बाजार समिती