ऊसतोडीला निघण्याआधी गॅस शेगडी अशी साफ करा

बीड : दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघतात. अनेकांच्या बिऱ्हाडात आता ५ किलोची टाकी आणि शेगडी असते. स्वयंपाक उघड्यावर, त्यामुळे बर्नरमध्ये धूळ आणि पाचटाचा भुगा जातो. छिद्रं बुजली की निळी ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात, गॅसही जास्त जळतो.

साफसफाई : रेग्युलेटर बंद करून टाकीवरून काढा. शेगडी गार होऊ द्या. बर्नर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा, छिद्रं बारीक तारेने मोकळी करा. पूर्ण वाळल्यावरच बसवा. गॅस येतो त्या बारीक नोझलचं भोक कोरू नका. ते मोठं झालं तर ज्योत भडकते.

गळती : नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीच बघू नका. आयएसआय शिक्क्याची नळी ५ वर्षांनी बदला. चिरली किंवा उंदराने कुरतडली तर लगेच.

कोपीवर : गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. पाचटाची कोपी क्षणात पेटते. म्हणून शेगडी बाहेर, पाचटापासून लांब, टाकीपेक्षा उंच ठेवा. टाकी उभीच ठेवा. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, काडी ओढू नका, लेकरांना लांब न्या आणि १९०६ वर फोन करा.